वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा खेळ आणि वर्गातला अभ्यास

व्हिडिओ गेम आणि पडद्यावर भरणारे वर्ग यांचा शाळेच्या अभ्यासाला खरोखर हातभार लागतो का, याविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत पालकांची पत्रे सर्वांत जास्त आहेत, काही शिक्षकांची आहेत आणि एक आठवीतल्या विद्यार्थिनीचे आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. मी बावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते आहे आणि शाळेच्या संगणक कक्षाची किल्लीही इतकी वर्षे माझ्याकडेच आहे. त्यामुळे उत्तरांत वाचलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक आहे.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. दरवर्षी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारा हा मुलगा यंदा मातीला हात लावायला तयार नव्हता. सुट्टीभर तो माइनक्राफ्ट या खेळात ठोकळ्यांचा रायगड बांधत बसला आणि रागावले की म्हणे, "आई, हाही किल्लाच आहे." याला अभ्यास म्हणायचे की वेळ घालवणे? — एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या मुलाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, मात्र ते पुरते मान्यही करणार नाही. माइनक्राफ्ट हा मुळात शाळेसाठी केलेला खेळ नाही. त्याची शाळांसाठीची वेगळी आवृत्ती २०१६ मध्ये आली. परंतु साध्या आवृत्तीतही सहावीच्या गणिताला उपयोगी पडेल असे बरेच काही दडलेले आहे, आणि ते बाहेर काढायला कोणीतरी मोठे माणूस शेजारी बसावे लागते.

या खेळातल्या एका ठोकळ्याची बाजू एक मीटर धरलेली असते. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८२० मीटर आहे आणि खेळातल्या समुद्रसपाटीच्या वर बांधकामाला जागा मिळते ती साधारण अडीचशे ठोकळ्यांची. म्हणजे रायगड त्याच्या खऱ्या मापाने या जगात मावतच नाही. तुम्ही मुलाला एवढाच प्रश्न विचारा की, मग तू कोणते माप धरलेस? बहुतेक मुलांनी माप धरलेलेच नसते, डोळ्यांना बरे दिसेल तसे ते रचत गेलेले असतात. तीन मीटरला एक ठोकळा धरला तर गड २७३ ठोकळ्यांचा होतो आणि बसत नाही. चार मीटरला एक धरला तर २०५ ठोकळ्यांचा होतो आणि बसतो. पण त्याच मापाने दहा मीटर उंचीची तटबंदी अवघ्या अडीच ठोकळ्यांची होते आणि सिंहासनाला एक आख्खा ठोकळासुद्धा वाट्याला येत नाही. गड बसवायचा तर दरवाजा हरवतो आणि दरवाजा दाखवायचा तर गड मावत नाही, ही अडचण ज्या मुलाने स्वतःच्या हातांनी सोसली, त्याला गुणोत्तर-प्रमाण म्हणजे काय आणि नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण का छापतात, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड अशा रीतीने वळवून घेतला आहे की खालून चढून येणाऱ्याला तो समोर दिसत नाही. या बांधणीला गोमुखी म्हणतात. मातीच्या किल्ल्याकडे आपण नेहमी वरून पाहतो, त्यामुळे ही युक्ती मुलांच्या लक्षात येत नाही. खेळात मात्र मूल किल्ल्याच्या पायथ्याशी माणसाच्या उंचीवर उभे राहू शकते. त्याला दरवाजा बांधून खाली उतरायला सांगा, आणि तो कोणत्या वळणावर पहिल्यांदा नजरेस पडतो ते पाहायला सांगा. दिसला, तर बुरूज पुन्हा बांधायला सांगा. हा पाठ मी फळ्यावर कितीही चांगली आकृती काढली तरी इतका नेमका देऊ शकत नाही.

आता या खेळाचे दोन दोषही मुलाला दाखवून द्या, कारण ते त्याला आपणहून कळणार नाहीत. पहिला दोष पाण्याचा. माइनक्राफ्टमध्ये छोट्या खड्ड्यात योग्य रीतीने दोन बादल्या पाणी ओतले की त्यातून कितीही उपसा, ते संपत नाही. प्रत्यक्ष गडावर पावसाचे पाणी धरून ठेवणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. गंगासागर तलाव आणि कातळात खोदलेली टाकी त्यासाठीच आहेत. हा प्रश्नच खेळाने पुसून टाकला आहे. दुसरा दोष वजनाचा. वाळू आणि खडी सोडली तर या खेळात बहुतेक ठोकळे आधार काढून घेतला तरी हवेत तसेच तरंगत राहतात, त्यामुळे भिंतीला पाया का लागतो हा प्रश्न मुलाला कधी पडत नाही. मातीचा किल्ला मात्र उतार जरा जास्त झाला की रात्रीत खाली बसतो, आतले दगड आणि पोती उघडी पडतात, आणि पेरलेले अळीव ओघळून जातात. आपल्या मुलांना पिढ्यानपिढ्या उताराचे आणि पायाचे शास्त्र त्या ढासळण्यानेच शिकवले आहे.

म्हणून मी सुचवते ते असे. त्याने जो रायगड बांधला आहे त्याचा आराखडा चौकटीच्या वहीत मापासह काढून घ्या, घरातल्या कोणाला तरी तो गड फिरवून दाखवायला सांगा, आणि पुढच्या दिवाळीत त्याच आराखड्यावरून अंगणात माती पडू द्या.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. गणिताच्या एका अॅपवर ती रोज शंभरेक उदाहरणे सोडवते, तिला ढीगभर तारे मिळाले आहेत, पण चाचणीत अपूर्णांकांत नापास झाली. असे का व्हावे? — एक पालक, नाशिक

उत्तर : एक दिवस तिच्या शेजारी दहा मिनिटे काही न बोलता बसा आणि पडद्याकडे न पाहता तिच्या बोटाकडे पाहा. माझ्या वर्गातल्या एका मुलीजवळ मी अशी बसले होते. प्रश्न आला की ती वाचायचीच नाही. चार पर्यायांपैकी पहिला दाबायची, चुकला की दुसरा, चुकला की तिसरा. चुकीला काही किंमत पडत नव्हती आणि बरोबर आले की तारा हमखास मिळत होता. ती मुलगी आळशी मुळीच नव्हती. खेळाने जी चाल बक्षिसाला पात्र ठरवली होती, ती तिने अचूक ओळखली होती, आणि ती चाल अपूर्णांकांची नव्हती.

शैक्षणिक म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांत हा दोष सर्वांत जास्त आढळतो. आपण लहान मुलाला कडू गोळी गुळाच्या खड्यात घालून देतो, तसे यात उदाहरण वेगळे आणि गंमत वेगळी असते. मूल गूळ चघळते आणि गोळी हळूच थुंकून टाकते. जिथे शिकायची गोष्ट हीच खेळाची चाल असते, तिथे हे घडत नाही. २०१२ मध्ये नॉर्वेत तयार झालेला ड्रॅगनबॉक्स हा बीजगणिताचा खेळ पाहा. त्यात सुरुवातीला नुसती चित्रांची पाने पडद्याच्या दोन बाजूंना मांडलेली असतात, आणि एका बाजूला जे पान टाकाल ते दुसऱ्या बाजूलाही टाकायचे असा नियम असतो. पुढे हळूहळू चित्रांच्या जागी अंक आणि अक्षरे येतात, आणि मुलाच्या लक्षात येते की आपण समीकरण सोडवत होतो. येथे अंदाजपंचे बोट दाबून पुढे जाणे अवघड आहे, कारण नियम पाळणे म्हणजेच खेळणे आहे. एवढे करूनही कागदावरचे समीकरण आणि पडद्यावरची पाने एकच आहेत, हे मुलाला कोणीतरी जोडून दाखवावे लागते, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या मुलीला आज रात्री विचारा, तीन-चतुर्थांश भाकरी मोठी की पाच-सप्तमांश? उत्तर बरोबर आले की नाही याला फारसे महत्त्व देऊ नका. तिला चित्र काढून पटवून द्यायला सांगा. ते जमेपर्यंत तारे बाजूला ठेवावेत.

संगणकावरचा सराव निरुपयोगी असतो असा याचा अर्थ मात्र कोणी काढू नये. दिल्लीतल्या सरकारी शाळांमधल्या मुलांचा एक काळजीपूर्वक केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शाळेनंतरच्या केंद्रांवर सुमारे साडेचार महिने संगणकाच्या साहाय्याने शिकलेल्या मुलांनी गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती केली होती. तिथली संगणक प्रणाली मूल कोणत्या इयत्तेत बसते हे न पाहता, त्याला प्रत्यक्ष कुठपर्यंत येते ते तपासून त्या पातळीचे प्रश्न देत होती, आणि केंद्रावर लहान गटांना शिकवायला एक माणूसही होता. अॅप निवडताना या दोन गोष्टी पाहाव्यात.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रयोगशाळा नावापुरती आहे. नववीचा धाराविद्युतचा धडा मी संगणकावरच्या आभासी प्रयोगाने शिकवला तर प्रत्यक्ष प्रयोगाची जागा तो घेऊ शकेल का? — विज्ञान शिक्षक, जिल्हा नांदेड

उत्तर : प्रत्यक्ष प्रयोगाची जागा त्याने घेऊ नये, पण त्याच्या आधी आणि नंतर त्याला मोठे स्थान आहे. तुम्हाला कोणते साधन अभिप्रेत आहे ते पत्रात नाही, म्हणून मी वापरते त्याविषयी लिहिते. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातली आभासी प्रयोगांची साधने विनामूल्य आहेत, बरीचशी मराठीतही उपलब्ध आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. आपल्याकडच्या शाळांसाठी या शेवटच्या गुणाचे मोल फार आहे.

त्यातल्या विद्युत परिपथाच्या साधनात सेल, तारा, बल्ब, कळ असे सर्व भाग ओढून आणून जोडता येतात. परिपथ पूर्ण झाला की तारांमधून निळे ठिपके सरकू लागतात, ते इलेक्ट्रॉन. आणि सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर सेलला आग लागलेली दिसते. मी तुम्हाला खात्रीने सांगते, मुले पहिल्या पाच मिनिटांत हा सेल पेटवणार. त्यांना थांबवू नका. सगळ्यांचे पेटवून झाले की विचारा, मधे बल्ब असताना तो का पेटत नाही? रोध या शब्दाला त्या क्षणी जो अर्थ मिळतो, तो व्याख्या पाठ करून मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागे एक, जोडले तर कोणता जास्त उजळेल, असा प्रश्न मी गेल्या वर्षी प्रयोग दाखवण्याच्या आधी विचारला आणि प्रत्येकाला उत्तर वहीत लिहायला लावले. निम्म्याहून अधिक मुलांनी 'सेलच्या जवळचा' असे लिहिले होते, कारण पहिला बल्ब थोडी वीज खाऊन टाकतो आणि उरलेली दुसऱ्याला मिळते, असे त्यांच्या मनात पक्के होते. हा समज जगभरच्या मुलांत आढळतो आणि पाठ्यपुस्तकातले सूत्र पाठ असूनही तो जात नाही. मग परिपथ जोडला. दोन्ही बल्ब सारखेच मंद लागले, आणि निळे ठिपके पहिल्या बल्बच्या अलीकडे ज्या गतीने जात होते त्याच गतीने दुसऱ्याच्या पलीकडे जात होते. वर्ग शांत झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ठिपके तर सगळेच परत जातात. मग बल्बने खाल्ले काय?"

तो तास मी तिथेच थांबवला, कारण त्या प्रश्नापलीकडचे त्या दिवशी शिकवण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात सायकल आणली. पायडल मारले की साखळीची प्रत्येक कडी फिरून परत येते, एकही कमी होत नाही, तरी मागचे चाक फिरते. साखळी म्हणजे विद्युतधारा, आणि चाकापर्यंत जे पोहोचते ती ऊर्जा. या दोहोंतला फरक मुलांना त्या सायकलीने कळला हे खरे, परंतु तो प्रश्न पडला पडद्यावरच्या ठिपक्यांमुळे, कारण खऱ्या तारेत ते कोणालाच दिसत नाहीत. आभासी प्रयोगाचे खरे सामर्थ्य मला येथे दिसते.

आणि त्यानंतर टॉर्चचे दोन बल्ब, दोन सेल आणि तारेचे तुकडे मुलांच्या हातात द्याच. पडद्यावरची जोडणी कधी सैल होत नाही, तारेवरचे वेष्टन तासायचे राहून जात नाही, आणि उतरलेल्या सेलमुळे बल्ब रुसत नाही. मुलांनी अर्धा तास खटपट करूनही बल्ब लागला नाही, आणि दोष कुठे आहे ते त्यांनी एकेक भाग तपासून शोधून काढले, तर विज्ञान तिथे आहे. तुमच्याकडे एकच संगणक असेल तर अडू नका. प्रक्षेपक किंवा मोठा टीव्ही लावा, आणि पडद्यावर काही घडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने काय घडेल ते लिहिलेच पाहिजे, एवढा एक नियम कटाक्षाने पाळा. न लिहिता पाहिले की मुलांना 'हे आम्हाला आधीच माहीत होते' असे वाटते आणि जुना समज जागचा हलत नाही.

प्रश्न : एका कंपनीने आमच्या शाळेला आभासी वास्तवाच्या चष्म्यांची प्रयोगशाळा देऊ केली आहे. व्यवस्थापन उत्सुक आहे, खर्च मोठा आहे. काय करावे? — मुख्याध्यापक, पुणे

उत्तर : सही करण्यापूर्वी एक गणित मांडून पाहा. वर्गात साठ मुले, दहा चष्मे आणि पस्तीस मिनिटांची तासिका असेल तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला सहा मिनिटेही येत नाहीत, आणि चष्मा चढवणे, पट्टा घट्ट करणे, पुसून पुढच्याला देणे यात त्यातलीही निम्मी जातात. उरलेली पन्नास मुले तेवढा वेळ काय करणार, याचे उत्तर विक्रेत्याकडून घ्या. मेटा कंपनीने आपल्या चष्म्यांसाठी वयाची किमान अट दहा वर्षांची ठेवली आहे, तेव्हा प्राथमिक वर्गांचा विचार सोडून द्यावा. शिवाय तुमच्या पाठ्यपुस्तकातला एक धडा मराठीतून, तुमच्याच शिक्षकांकडून, तुमच्याच वर्गात शिकवून दाखवायला सांगा.

आमच्या शाळेनेही काही वर्षांपूर्वी असेच एक महागडे साहित्य घेतले होते. पहिल्या वर्षीचा करार संपला, नूतनीकरणाचे पैसे नव्हते, आणि ते कपाटात गेले. त्याची धूळ मी अजून झाडते. त्या रकमेत संगणक कक्षाचे सगळे जुने संगणक दुरुस्त झाले असते, ही खंत मला आजही आहे.

प्रश्न : डोंगरातली आमची दोनशिक्षकी शाळा आहे. यंदापासून तालुक्याच्या शाळेतल्या एक शिक्षिका आठवड्यातून दोनदा पडद्यावरून आमच्या पाचवीच्या मुलांना इंग्रजी शिकवणार आहेत. टाळेबंदीतला ऑनलाइन शिक्षणाचा आमचा अनुभव वाईट आहे, म्हणून धास्ती वाटते. — शिक्षक, जिल्हा नंदुरबार

उत्तर : तुमची धास्ती मला समजते, कारण मार्च २०२० नंतरचे ते दिवस मीही काढले आहेत. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जायचा. ती रात्री नऊला माझा दुपारचा पाठ उघडायची आणि शंका लिहून ठेवायची. मी सकाळी उत्तर दिले की फोन पुन्हा घराबाहेर गेलेला असायचा. एका शंकेचा एक फेरा पूर्ण व्हायला दोन दिवस लागत. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले होते, पण फोन असलेल्या घरांतल्याही सुमारे पाव मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी पडतच नव्हता. घरात फोन असणे आणि मुलाला तो मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळाने आम्हाला शिकवले.

मात्र तुमच्याकडे जे होणार आहे ते याहून बरेच वेगळे आहे. तुमची मुले एका खोलीत, एकमेकांशेजारी बसलेली असतील, आणि खोलीत तुम्ही असाल. माझी पहिली विनंती तुम्हालाच आहे की, ती तासिका मोकळी मिळाली असे समजून दुसऱ्या वर्गावर जाऊ नका. पडद्यावरच्या बाईंना मागच्या रांगेतला चेहरा दिसत नाही. तो तुम्हाला दिसतो. कोण नुसते ओठ हलवते आहे, कोणाला प्रश्न कळलेला नाही, हे तुम्ही मधेच थांबवून त्यांना सांगितले पाहिजे. शक्य असेल तर पहिला महिना सुरू होण्याआधी त्या बाईंना एकदा तुमच्या शाळेत बोलवा. ज्या बाईंनी आपल्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली, त्यांनी पडद्यावरून नाव घेतले की मूल उत्तर देते.

पाटी हे या कामाचे उत्तम साधन आहे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचे आणि एकदम कॅमेऱ्याकडे धरायचे. पलीकडच्या शिक्षिकेला एका नजरेत पंधरा उत्तरे दिसतात, आणि जो मुलगा तोंड उघडत नाही त्याचेही उत्तर दिसते. वेळेची मर्यादा पाळा. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये काढलेल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका सांगितल्या होत्या, आणि पाचवीच्या मुलांना त्यातल्या तीस मिनिटांची एक पुरेशी आहे. संपर्क तुटेल हे गृहीत धरून प्रत्येक पाठासाठी तुमच्या हातात एक कागद आधीच असू द्या, म्हणजे पडदा काळा झाला तरी पाठ थांबणार नाही. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावरचे जे साहित्य मिळते, ते बाजाराच्या दिवशी चांगली रेंज मिळेल तिथे जाऊन उतरवून आणता येते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, ते पुस्तकांतल्या याच क्यूआर कोडच्या कामासाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या प्रयत्नांसाठी. त्यांची शाळाही काही शहरातली नव्हती.

प्रश्न : नातू 'अभ्यासाचा गेम' म्हणून माझा फोन घेतो आणि तासन्‌तास सोडत नाही. गेल्या महिन्यात त्यातून माझ्या खात्यातले पैसेही गेले. त्याला व्यसन लागले असे समजावे का? — एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : आधी पैशांचे पाहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे, परंतु साध्या खेळातल्या तलवारी, पोशाख, हिरे यांची विक्री त्या बंदीत येत नाही, आणि मुलांचे पैसे बहुधा तिथेच जातात. फोनमधल्या खरेदीला पासवर्ड लावून घ्या, आणि ओटीपी आलेला फोन नातवाच्या हातात राहू देऊ नका. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. तेव्हा 'अभ्यासाचा' म्हणवणारा खेळ मुलाचा फोटो, ठिकाण आणि संपर्कांची यादी मागत असेल तर तो काढून टाकावा.

व्यसन हा शब्द मात्र घाईने वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आपल्या रोगवर्गीकरणात केली आहे, पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळालाच महत्त्व देणे आणि नुकसान होत असूनही न थांबणे ही लक्षणे साधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. नातवाची झोप, जेवण आणि मित्र जागेवर असतील तर हा सवयीचा प्रश्न आहे आणि तो घराने मिळून सोडवायचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा नियम केला. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, तो नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांनाही होता. तुमच्या घरीही त्या वेळेत तुमचा फोन आणि सूनबाईंची मालिका बंद राहिली, तर नातवाला सांगण्यासारखे तुमच्याकडे काही राहील.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला खेळ खेळण्यापेक्षा स्वतः गेम बनवायचा आहे. घरी संगणक नाही, बाबांचा फोन संध्याकाळी तासभर मिळतो. माझे गणित कच्चे आहे. मला जमेल का? धाकटा भाऊ हसतो. — एक विद्यार्थिनी, जिल्हा लातूर

उत्तर : जमेल, आणि तुझे पत्र वाचून मला फार आनंद झाला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये स्क्रॅच नावाची भाषा मुलांसाठी खुली केली. तिच्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ती विनामूल्य आहे आणि शाळेच्या संगणकावर एकदा बसवून घेतली की इंटरनेट लागत नाही, तेव्हा तुझ्या सरांना विचार. फोनवर करायचे असेल तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या विद्यापीठात तयार झालेले पॉकेट कोड हे अशाच ठोकळ्यांचे साधन आहे.

पण त्याआधी चौकटीची वही घे. स्क्रॅचचा पडदा ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असतो, आणि शून्य बरोबर मध्यभागी असते. म्हणजे उजवी कड +२४०, डावी कड −२४०, वरची +१८०, खालची −१८०. ऋण संख्या कशासाठी असतात असा प्रश्न तुला सहावीत पडला असेल, तर त्यांचे घर हे इथे आहे. आता तुझ्या खेळातल्या मांजराला उडी मारायला शिकव. पहिल्या क्षणी ते १० एकक वर जाते, दुसऱ्या क्षणी ९, मग ८, असे करत शेवटी १, आणि मग ०. ही बेरीज कागदावर कर. ५५ आली पाहिजे. तेवढी त्याची उडी उंच. पुढच्या क्षणी −१, मग −२, असे ते खाली येऊ लागते आणि −१० ला पुन्हा जमिनीवर टेकते. उडी अधिक उंच हवी असेल तर १० च्या जागी १२ घेऊन पाहा, आणि ती किती उंच जाईल ते आधी वहीत काढ, मग पडद्यावर ताडून बघ. जमीन लागल्यावर थांबायला सांगितले नाहीस तर मांजर पडद्याखाली निघून जाईल. सगळ्यांचेच पहिल्यांदा जाते, घाबरू नकोस.

गेम तयार झाला की भावाला खेळायला दे आणि शेजारी बसून, एक शब्दही न बोलता, तो कुठे अडतो ते बघ. तो जिथे अडेल तिथे वहीत खूण कर आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग बदल.